औषधरोधाचं ओझं मेडिकलच्या काउंटरवरच का?

18 नोव्हेंबर 2025 रोजी केंद्र सरकारने औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंविरुद्धचा, म्हणजे औषधरोधाविरुद्धचा, दुसरा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्याची मुदत 2025 ते 2029. पहिला आराखडा 2017 चा, त्याची मुदत 2021 मध्ये संपली. त्या पहिल्याची शेवटची दोन वर्षं कोविडने खाल्ली. घराघरांत अझिथ्रोमायसिन आणि डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकांच्या स्ट्रिपा येऊन पडल्या त्या तेव्हाच. त्यानंतर दुसरा आराखडा यायला चार वर्षं गेली.

2019 या एका वर्षात भारतात सुमारे 2 लाख 97 हजार माणसं थेट औषधरोधामुळे दगावली आणि 10 लाखांहून जास्त मृत्यूंशी औषधरोधी जंतूंचा संबंध होता, असा आंतरराष्ट्रीय संशोधकांचा अंदाज आहे. इतक्या जिवांचा प्रश्न असताना सरकारने आजवर काय केलं हे पाहू गेलं, तर एक गोष्ट मला फार खटकते. आपल्या धोरणाचा जवळपास सगळा भार मेडिकलच्या काउंटरवर, म्हणजे गोळी मागणाऱ्या माणसावर आणि ती देणाऱ्या दुकानदारावर आहे. कारखान्याचं सांडपाणी, तालुक्याच्या रुग्णालयातली प्रयोगशाळा, नळाचं पाणी, कोंबडीचं खाद्य ही कामं फक्त सरकारच्या हातातली आहेत. तिथे मात्र धोरण अर्धवट राहिलं, आणि एका ठिकाणी तर लिहिलेलं पुसलं गेलं.

काउंटरपासूनच सुरुवात करू. शेड्यूल एच-1 ची, म्हणजे कडक नियमांखाली विकायच्या औषधांच्या यादीची, अधिसूचना ऑगस्ट 2013 मध्ये निघाली आणि 1 मार्च 2014 पासून लागू झाली. यादीत 46 औषधं होती. तिसऱ्या-चौथ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन्स आणि कार्बापेनेम गटातली ताकदीची प्रतिजैविकं, टीबीची औषधं अशी मुख्यतः जपून वापरायची औषधं त्यात आली. ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, विकली की डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि त्याचं प्रमाण वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं, असा नियम. 2016 मध्ये लाल रेघेची मोहीम आली: स्ट्रिपवर उभी लाल रेघ असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका. नियम चांगला होता, मोहीमही चांगली होती. पण 2014 च्या त्या यादीत अझिथ्रोमायसिन नव्हतं. 2019 च्या खासगी विक्रीचा अभ्यास झाला तेव्हा देशात सर्वाधिक खपलेलं प्रतिजैविक निघालं ते अझिथ्रोमायसिनची 500 मिलिग्रॅमची गोळी. त्या औषधालाही चिठ्ठी लागतेच, पण रजिस्टर लागत नाही. सर्वाधिक खपाच्या औषधाची नोंदच ठेवली जात नसेल, तर त्या यादीतून खपावर लक्ष कसं राहणार?

नियम मोडतो कोण आणि का, हेही पाहायला हवं. बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोडीला गेलेली बाई तापाने फणफणली तर तिच्यापुढे काय मार्ग असतो? कामाला न गेल्यास खाडा पडतो, मुकादम पैसे कापतो. सरकारी दवाखाना दूर, तिथे रांग, खासगी डॉक्टरची फी आणि वर तपासणीचा खर्च. ती कारखान्याजवळच्या मेडिकलमध्ये जाते, ‘तापाची स्ट्राँग गोळी द्या’ म्हणते आणि दोन दिवसांच्या गोळ्या घेऊन परत फडात उभी राहते. कोर्स पूर्ण करा असं सांगणाऱ्या पोस्टरने तिचा खाडा वाचत नाही. तिला अडाणी ठरवणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं आहे. जुलाब लागले की ओआरएस आणि झिंकऐवजी ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी लिहून देणारे शिकलेले डॉक्टरही याच राज्यात आहेत.

काउंटरवर सक्ती करून पाहिलेलीच नाही असं नाही. महाराष्ट्रात महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना, 2012 च्या सुमारास, फार्मासिस्ट हजर नसलेल्या आणि चिठ्ठीशिवाय औषधं विकणाऱ्या दुकानांवर जोरदार कारवाई झाली. औषधविक्रेत्यांच्या संघटनांनी संपाचं हत्यार उपसलं. त्या काळात पावती आणि चिठ्ठी यांची शिस्त वाढली, असं अनेकांना आठवत असेल. पण एका अधिकाऱ्याच्या धमकेवर उभी राहिलेली शिस्त तो गेल्यावर किती टिकणार? 2003 मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर समितीने 200 दुकानांमागे एक आणि 50 कारखान्यांमागे एक औषध निरीक्षक हवा असं सांगितलं होतं. त्या प्रमाणात माणसं नेमली असती, तर सक्ती ही व्यवस्था झाली असती. निरीक्षक न नेमता कायदा कडक करत जाणं म्हणजे प्रामाणिक दुकानदाराला रजिस्टर भरायला लावणं आणि बाकीच्यांना मोकळं सोडणं.

केरळचं उदाहरण अशा वेळी हमखास दिलं जातं. ते द्यायलाच हवं, पण पूर्ण द्यायला हवं. 2018 मध्ये केरळने स्वतःचा आराखडा केला, तो देशातल्या राज्यांतला पहिला. जानेवारी 2024 पासून ‘ऑपरेशन अमृत’ नावाने चिठ्ठीशिवाय प्रतिजैविकं विकणाऱ्या दुकानांवर अचानक छापे सुरू झाले. विक्रीत 20 ते 30 टक्के घट झाल्याचा त्या सरकारचा दावा आहे. बातम्यांत छापे आले. त्याआधीचं काम फारसं आलं नाही: जिल्ह्याजिल्ह्यांतल्या प्रयोगशाळा एकमेकींना जोडल्या, कुठला जंतू कुठल्या औषधाला दाद देतो याचा राज्याचा तक्ता प्रसिद्ध केला, आणि मुळात चालतं-बोलतं कुटुंब आरोग्य केंद्र गावाजवळ होतं. दुकानदाराने ‘चिठ्ठी आणा’ म्हटलं तर माणसाला चिठ्ठी आणायला जागा होती. आपल्याकडे मेळघाटात किंवा अक्कलकुव्यात नुसते छापे घातले तर गोळी बंद होईल, डॉक्टर मिळणार नाही.

यातून एक अवघड मुद्दा पुढे येतो, आणि धोरणाची भाषा तो टाळते. आपल्या देशात प्रतिजैविकांचा अतिवापर होतो तसाच अपुरा वापरही होतो. कार्बापेनेमलाही न जुमानणाऱ्या जंतूंच्या संसर्गांबद्दलचा आठ देशांचा अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. 2019 मध्ये भारतात असे सुमारे 10 लाख संसर्ग झाले आणि त्यांतल्या जेमतेम 7.8 टक्के रुग्णांना योग्य औषध मिळालं, असा त्याचा अंदाज आहे. बाकीच्यांचं निदान झालं नाही, झालं तर औषध मिळालं नाही, मिळालं तर परवडलं नाही. ज्या देशात सर्दीला अझिथ्रोमायसिन मिळतं त्याच देशात रक्तात जंतू भिनलेल्या नवजात बाळाला हवं ते इंजेक्शन मिळत नाही. म्हणून ‘वापर कमी करा’ हे एकच वाक्य ज्या धोरणाचा कणा आहे, ते मला अपुरं वाटतं. कोणाचा वापर कमी करायचा आणि कोणापर्यंत औषध पोचवायचं, हे दोन्ही त्यात लिहिलेलं हवं.

हे ठरवणार कशावरून? तपासणीवरून. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने 15 राज्यांतल्या 20 मोठ्या रुग्णालयांची पाहणी केली आणि तिचा अहवाल जानेवारी 2024 मध्ये आला. दाखल रुग्णांपैकी सुमारे 72 टक्के रुग्ण प्रतिजैविकांवर होते. लिहून दिलेल्या प्रतिजैविकांपैकी निम्म्याहून जास्त संसर्ग होऊ नये म्हणून, आधीच दिलेली होती. उपचार म्हणून दिलेल्यांपैकी 94 टक्के औषधं जंतू निश्चित कळण्याआधी सुरू झाली होती. यातलं एकही रुग्णालय आडगावचं नव्हतं. इथे मेडिकलवाला नाही, अडाणी गिऱ्हाईक नाही, चिठ्ठी तर आहेच. देशातले उत्तम शिकलेले डॉक्टरही अंदाजाने औषध देतात, कारण कल्चरचा, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून त्याला कुठलं औषध लागू पडतं हे पाहणाऱ्या तपासणीचा, अहवाल हातात येईपर्यंत दोन-तीन दिवस जातात, कधी तो येतच नाही, आणि वॉर्डात एका नर्सकडे इतके रुग्ण असतात की हात धुण्याचा नियम पाळणंही कठीण होतं. ‘रुग्ण गेला तर जबाबदार मी’ ही भीती डॉक्टरच्या मनात असते आणि ती खोटी नाही. तो जास्त ताकदीचं औषध लिहितो. ही पाहणी प्रसिद्ध झाली त्याच सुमारास आरोग्य सेवा महासंचालकांनी वैद्यकीय महाविद्यालयांना पत्र पाठवलं: प्रतिजैविक लिहिताना कारण लिहा. चांगलं आहे. पण पत्राने कल्चर होत नाही.

औषधकंपन्यांच्या प्रतिनिधींबद्दलही सरकार असंच पत्रापाशी थांबलं आहे. मार्च 2024 मध्ये विपणनाची आचारसंहिता आली, पण तक्रारींचा निवाडा कंपन्यांच्याच संघटनांच्या समित्यांकडे ठेवला. त्यातून फार काही निघेल असं मला वाटत नाही.

सरकारला हे जमतच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. त्याचं उत्तर मुंबईतच आहे. जानेवारी 2012 मध्ये हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध सर्व औषधांना न जुमानणाऱ्या टीबीचे रुग्ण जाहीर केले. सरकारची पहिली प्रतिक्रिया ती संज्ञाच नाकारण्याची होती. त्याच्या दीड वर्ष आधी, 2010 मध्ये, जंतूंना कार्बापेनेमपासून वाचवणाऱ्या एनडीएम-1 या एन्झाइमच्या नावात नवी दिल्लीचा उल्लेख आला तेव्हाही आपली ऊर्जा नावाच्या अपमानावर खर्च झाली होती. पण टीबीच्या बाबतीत पुढे वेगळं घडलं. 2012 मध्येच प्रत्येक रुग्णाची नोंद कळवणं सक्तीचं झालं. काही तासांत टीबी आणि रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाचा रोध एकत्र सांगणारी यंत्रं जिल्ह्यांत पोचली, पुढे गोव्यातल्या कंपनीने केलेलं ट्रूनॅट हे तसंच यंत्र आणखी खालपर्यंत गेलं. तपासणी फुकट, औषधं फुकट, पोषणासाठी पैसे खात्यात. औषधरोधी टीबीवरच्या बेडाक्विलिन या औषधावरची मूळ कंपनीची मक्तेदारी लांबवण्याचा अर्ज भारतीय पेटंट कार्यालयाने मार्च 2023 मध्ये फेटाळला. 2024 मध्ये सहा महिन्यांची नवी उपचारपद्धती मंजूर झाली. मध्ये औषधांचा तुटवडा पडला आणि रुग्णांचे हाल झाले, ते विसरता येणार नाही. तरीही इथे सरकारने रुग्णाला फक्त उपदेश केला नाही, निदानापासून औषधापर्यंतची जबाबदारी उचलली. लघवीचा संसर्ग, बाळंतपणातला ताप, न्यूमोनिया, ऑपरेशननंतरची जखम यांच्यासाठी असं काही का नाही? टीबीची यंत्रणा साठ वर्षांत उभी राहिली हे मान्य. पण तिचा सांगाडा, माणसं आणि नमुने वाहून नेण्याची साखळी तालुक्यापर्यंत आहे. त्यात साध्या कल्चरची जोड देणं अशक्य नाही.

आता पुसलेल्या ओळीकडे वळतो. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्वीडिश संशोधकांनी हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारं पाणी तपासलं. या केंद्रात सुमारे 90 औषध कारखान्यांचं पाणी येत होतं. प्रक्रिया केलेल्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत सापडलं. इतकं प्रमाण औषध घेतलेल्या माणसाच्या रक्तातही नसतं. अशा पाण्यात रोज औषधरोधी जंतूच तेवढे टिकून वाढत राहतात. जानेवारी 2020 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मसुदा काढला: शंभरहून जास्त प्रतिजैविकांच्या अंशाला सांडपाण्यात मर्यादा. जगात तोवर कुठल्याही देशाने इतकं स्पष्ट लिहिलं नव्हतं, याचा भारतीयांना अभिमान वाटावा असा तो मसुदा होता. ऑगस्ट 2021 मध्ये अंतिम नियम आले आणि त्यांत या मर्यादाच नव्हत्या. मंत्रालयाला मसुद्यात चूक दिसली असेल तर ती सांगून आकडे बदलायला हवे होते. आकडे काढूनच टाकले.

सप्टेंबर 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिजैविकं बनवणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी मार्गदर्शक मर्यादा दिल्या, त्यामुळे ‘मापच नाही’ ही सबबही उरलेली नाही. तारापूर, कुरकुंभ, लोटे-परशुराम इथल्या औद्योगिक वसाहतींत औषध आणि रसायनांचे कारखाने आहेत. तिथल्या गावकऱ्यांना ओढ्याचा रंग आणि वास कळतो, प्रतिजैविकाला रंग नसतो. ते फक्त प्रयोगशाळेत दिसतं, आणि नियमात मर्यादा नसेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळ ते तपासणार तरी कशाला?

शेतीत चित्र संमिश्र आहे. जुलै 2019 मध्ये कोलिस्टिन या माणसाच्या आयसीयूतल्या अखेरच्या आधाराला कोंबड्या, जनावरं आणि मत्स्यशेतीतून बाहेर काढलं, हा माझ्या मते आजवरचा सर्वांत स्वच्छ निर्णय. पण बंदी एका औषधाची झाली, सवय तशीच राहिली. आपल्याकडे बहुतेक ब्रॉयलर शेड करारावर चालतात. पिल्लं, खाद्य आणि औषध कंपनीचं, शेड आणि मेहनत शेतकऱ्याची. खाद्यात काय मिसळलं आहे हे त्या शेतकऱ्याला विचारून उपयोग नाही, ते खाद्य कारखान्यात विचारायला हवं. धोरणाची जनजागृती मात्र शेतकऱ्यासाठी.

डाळिंबाचं उदाहरण तर आपल्या घरचं आहे. तेल्या रोगाने सोलापूर-नाशिकच्या बागा उद्ध्वस्त झाल्या आणि शेतकरी स्ट्रेप्टोसायक्लिन फवारत राहिले. त्यात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन असतं. स्ट्रेप्टोमायसिन म्हणजे टीबीचं पहिलं औषध. ते बनवत होती पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, 1954 मध्ये स्वस्त पेनिसिलिन देशाला मिळावं म्हणून उभी राहिलेली सरकारी कंपनी. डिसेंबर 2021 मध्ये केंद्राने मसुदा काढून 2024 च्या आरंभापर्यंत पिकांवरचा हा वापर पूर्ण थांबवण्याचं सुचवलं. सुचवलं ते योग्यच. पण तेल्याने बाग जळत असताना पर्याय काय, हे सांगण्याची जबाबदारी त्याच सरकारची होती.

आणि माग ठेवणं आपल्याला जमत नाही असं कोणी म्हणू नये. नाशिक-सांगलीची द्राक्षं युरोपात जातात तेव्हा ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदणी यंत्रणेत प्रत्येक बागेची नोंद असते, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली कीटकनाशकांचे अंश तपासले जातात आणि घड कुठल्या प्लॉटचा हे तिकडचा ग्राहकही शोधू शकतो. हे घडलं कारण तिकडच्या ग्राहकाने सक्ती केली. सोलापूरच्या बाजारात अंडं विकत घेणाऱ्या माणसाच्या वतीने अशी सक्ती कोण करणार? ते काम त्याच्या सरकारचं.

ज्या निर्णयाला कोणी औषधरोधाचं धोरण म्हणत नाही, तो मला सर्वांत परिणामकारक वाटतो. 2018 मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेने विषमज्वराची नवी लस आपल्या हद्दीतल्या मुलांना सरकारी मोहिमेतून दिली. जगात कुठल्याही सरकारी यंत्रणेने तसं करण्याची ती पहिली वेळ. भारतातला विषमज्वराचा जंतू सिप्रोफ्लॉक्सासिनला आता जवळजवळ दाद देत नाही. 2016 पासून पाकिस्तानातल्या सिंधमध्ये सेफ्ट्रियाक्झोनलाही न जुमानणारा विषमज्वर पसरला, आणि तोंडाने घ्यायचं अझिथ्रोमायसिन हा मुख्य आधार उरला. पाकिस्तानने 2019 मध्ये ही लस नियमित लसीकरणात घेतली. लस बनते हैदराबादेत, आपल्या लसीकरणाच्या राष्ट्रीय तज्ज्ञ गटाने 2022 मध्ये तिची शिफारसही केली, आणि राष्ट्रीय कार्यक्रमात ती येण्याची वाट आपण अजून पाहतो आहोत. जो ताप आलाच नाही त्याला गोळी लागत नाही. लस आणि शुद्ध पाणी यांचे पैसे औषधरोधाच्या आराखड्यात धरले, तर तो आराखडा कागदावरही वेगळा दिसेल.

सप्टेंबर 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सभेत देशांनी ठरवलं की 2030 पर्यंत औषधरोधाशी निगडित मृत्यू 2019 च्या तुलनेत 10 टक्क्यांनी कमी करायचे. भारतही त्यात आहे. पण आपले आकडे मुख्यतः मोठ्या रुग्णालयांतून येतात, जिथे आधीच औषधं घेऊन थकलेले रुग्ण पोचतात. लहान गावात काय चाललं आहे हे मोजलंच जात नाही, तर 10 टक्के घट झाली की नाही हे सांगणार कोण? डेन्मार्कमध्ये 1995 पासून माणूस आणि जनावर दोघांमधला औषधवापर आणि रोध एकत्र मोजला जातो आणि दरवर्षी छापला जातो. आपल्याकडे आरोग्य राज्यांचा विषय, आराखडा केंद्राचा. पहिल्याची मुदत संपली तेव्हा स्वतःचे आराखडे करणारी राज्यं बोटांवर मोजण्याइतकी होती.

म्हणून नागपूरच्या पुढच्या हिवाळी अधिवेशनात एखाद्या आमदाराने हे प्रश्न तारांकित म्हणून विचारावेत. राज्यातल्या कोणत्या उपजिल्हा रुग्णालयांत कल्चर होतं आणि अहवाल किती तासांत मिळतो? औषध निरीक्षकांची मंजूर पदं किती, भरलेली किती? तारापूरच्या सांडपाण्यात प्रतिजैविकाचा अंश शेवटचा कधी तपासला? 2020 च्या मसुद्यातल्या मर्यादा राज्याने स्वतः लागू करायला कायद्याने काय अडचण आहे? आणि या सगळ्यासाठी यंदाच्या अर्थसंकल्पात कोणत्या लेखाशीर्षाखाली किती रुपये आहेत?